वैद्यकीय चाचण्या आणि बेझचा निर्णयसिद्धांत

नवा उपचार जुन्यापेक्षा श्रेयस्कर आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडणे ही आधुनिक वैद्यकाची मान्य रीत आहे. परंतु चाचणी चालू असतानाच एका उपचाराचे पारडे जड होऊ लागले, तर पुढील रुग्णाला कोणता उपचार द्यावा? इंग्लंडमधील धर्मोपदेशक टॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या निधनानंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून उगम पावलेली विचारसरणी येथे मार्गदर्शक ठरते.

पूर्वानुभवावरून संभाव्यतेचा अंदाज प्रथम मांडावा. प्रत्येक नव्या निरीक्षणानिशी तो सुधारावा. आणि ज्या निर्णयात अपेक्षित हानी कमीत कमी, तो स्वीकारावा, असे तिचे सूत्र आहे.

नवजात अर्भकाची फुप्फुसे निकामी झाल्यास त्याचे रक्त यंत्रातून फिरवून त्यात प्राणवायू मिसळण्याच्या उपचारास ‘एक्मो’ म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या, 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यशस्वी उपचाराकडे पुढील चिठ्ठीचा कल वाढत जाईल, अशी योजना होती. 12 अर्भकांपैकी 11 जणांना एक्मो मिळाला व ती सर्व वाचली. रूढ उपचार मिळालेले एकमेव अर्भक दगावले. आरंभी काहीच ठाऊक नव्हते असे धरल्यास, बेझच्या गणिताने वाचण्याची संभाव्यता एक्मोसाठी 13 पैकी 12, तर रूढ उपचारासाठी 3 पैकी 1 एवढी येते. मात्र यातील दुसरा अंदाज केवळ एका अर्भकावर आधारलेला असल्याने अनेक तज्ज्ञांचे समाधान झाले नाही.

पुढे ब्रिटनमध्ये 1993 ते 1995 या काळात 185 अर्भके चाचणीत घेण्यात आली. एक्मोच्या गटातील 93 पैकी 30, तर रूढ उपचाराच्या गटातील 92 पैकी 54 अर्भके दगावली. निष्कर्ष निर्विवाद झाला. परंतु त्याचे मोल बालकांच्या प्राणांनी मोजावे लागले.

चाचणी घाईने थांबविल्यास चुकीचा उपचार भावी रुग्णांच्या माथी बसतो. लांबविल्यास आजचे रुग्ण हानी सोसतात. रोग सर्रास आढळणारा असेल तर मोठी चाचणी समर्थनीय ठरते, कारण तिचा लाभ असंख्यांना मिळतो. रोग विरळ असेल तर लहान चाचणीवरच निर्णय घेणे इष्ट. दोन्हींकडील हानी आकड्यांत मांडून हा तोल आधीच ठरवावा, हेच या सिद्धांताचे सांगणे आहे. निर्णयाचा भार तो माणसाच्या शिरावरून उतरवीत नाही. तो भार उघडपणे आणि हिशेबाने वाहावयास मात्र शिकवितो.