आमिष नंतर, तळ आधी

जुलैतल्या दुपारी अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्यात ऊन तापतं, घरोघरी एसी सुरू होतात आणि विजेची मागणी चढते. मग टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी आपल्या धरणांवरच्या टर्बाइनमधून जास्त पाणी सोडते. तोवर निपचित पडलेला जलाशय हलू लागतो. बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या काठावर बासच्या झुंडी प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहतात आणि वाहत येणारे छोटे मासे टिपू लागतात. म्हणून केंटकी लेक किंवा गंटर्सव्हिलवर गळ टाकायला निघालेला जाणकार सकाळी हवामानाबरोबर धरणाच्या विसर्गाचं वेळापत्रकही बघून घेतो. पेटीतल्या आमिषांकडे तो त्यानंतर वळतो.

हा बास म्हणजे गोड्या पाण्यातला लार्जमाउथ बास. समुद्री बासशी त्याचं जवळचं नातं नाही; तो सनफिश कुळातला. हिरवट पाठ, अंगावर काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी जॉर्जियात पकडलेला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास आजही विक्रमात आहे. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून औंसभर जड मासा काढला; पण नियमाप्रमाणे दोन औंसांची आघाडी हवी असल्याने विक्रम दोघांत वाटला गेला.

आज ज्याला बास फिशिंग म्हणतात, ती कला बऱ्याच अंशी धरणांनी घडवली. टेक्सासमध्ये नैसर्गिक मोठे तलाव जवळजवळ नाहीतच. धरणं झाली तसं रानंच्या रानं पाण्याखाली गेली. सॅम रेबर्न, टोलेडो बेंड अशा 1960च्या दशकातल्या जलाशयांत बुडालेली झाडं उभीच राहिली. बास बसतो त्या फांद्यांतच, आणि उघडा गळ तिथे टाकला की पहिल्याच फेकीत अडकतो.

तोडगा निघाला तो रबरी गांडुळातून. ओहायोतल्या ॲक्रनचे यंत्रकामगार निक क्रीम आणि त्यांची पत्नी कोस्मा यांनी 1949 मध्ये घरच्या शेगडीवर व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून मऊ, लवचिक गांडूळ ओतलं. पुढे त्यांचा धंदा टेक्सासच्या टायलर गावी गेला आणि त्याच परिसरात ‘टेक्सास रिग’ची पद्धत रुळली. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचं, गळ फिरवून त्याचा डोळा डोक्यात ओढून घ्यायचा आणि टोक पुन्हा अंगात लपवायचं. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. वाकडं बसलं तर ते पाण्यात गरगरतं आणि तंगुसाला पीळ पडतो.

फेकल्यावर घाई नाही. वजन तळाला टेकलं की काठी हळूच वर उचलायची, गांडूळ फांदीवरून सरकवायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. बहुतेक वेळा बास ते पडतानाच घेतो. हाताला हलकी ‘टक’ लागते, कधी तीही लागत नाही; तंगूस नुसताच बाजूला चालू लागतो. काठी खाली करायची, ढील गुंडाळायची आणि मग जोरात हिसका द्यायचा, कारण टोकाला आधी रबर फाडून बाहेर यायचं असतं.

उन्हाळ्यात बास आळशी होतो, असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर तो थंड रक्ताचा जीव. पाणी तापलं की त्याचं पचन वेगाने होतं आणि खाणं वाढतं. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खोल तलावात वरचं गरम व खालचं थंड पाणी यांचे थर पडतात. खालच्या थरातला प्राणवायू उन्हाळाभरात घटत जातो. वर उष्मा, खाली घुसमट. मग मासा मधल्या पट्ट्यात, सावलीत किंवा प्रवाहात जागा धरतो आणि थोडाच वेळ, पण तुटून पडून खातो.

आमिषाची निवड इथून सुरू होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला बास काठाशी येतो, तेव्हा पृष्ठभागावर डुलत चालणारं झारा स्पूकसारखं आमिष चालतं. ऊन चढल्यावर पाणवनस्पतींच्या जाड थराखाली सावली असते. तिथे पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्याने तो शेवाळावरून न अडकता सरकतो. पाणी उसळलं तरी माशाचं वजन हाताला लागेपर्यंत हिसका द्यायचा नाही. आपल्याकडे मरळ पकडणाऱ्यांनाही हा बेडूक आता ओळखीचा आहे, आणि मरळीच्या बाबतीतही घाई नडते. खोल काठांवर पाच-सहा मीटर बुडी मारणारा लांब जिभेचा क्रँकबेट तळाला ठोकरत न्यायचा. पसरट, उघड्या तळावर कॅरोलायना रिग: जड वजन पुढे, हातभर मागे गांडूळ. पाणी नितळ आणि मासा बुजरा असेल तर ड्रॉप शॉट; त्यात वजन सर्वांत खाली आणि इवलंसं आमिष वर जागच्या जागी थरथरतं.

रंगांवर मात्र गरजेपेक्षा जास्त पैसा जातो. इलिनॉयमधल्या संशोधकांच्या प्रयोगांत बासला लाल आणि हिरवा चांगले ओळखता आले, पण गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत झाली. दुकानातल्या निम्म्या छटा माशापेक्षा गिऱ्हाइकासाठीच असतात.

या खेळाची किंमतही आहे. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये बास पकडण्याच्या स्पर्धा सुरू केल्या आणि 1972 पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. पण उन्हाळ्यात सोडलेले मासे नंतर मरण्याचं प्रमाण वाढतं. नावेच्या टाकीतलं पाणी थंड आणि खेळतं ठेवावं लागतं. तुटलेली रबरी गांडुळं तळाशी साचतात, मासे ती गिळतात. शिशाच्या वजनांनी लून पक्षी दगावतात, म्हणून न्यू इंग्लंडमधल्या काही राज्यांनी लहान वजनांत शिसं वापरण्यावर निर्बंध घातले. बरेच जण आता टंगस्टन वापरतात. ते महाग, पण आकाराने लहान, आणि दगड की चिखल हे हाताला स्पष्ट सांगणारं.

गेल्या काही वर्षांत पुढे बघणाऱ्या सोनार यंत्रामुळे नावेसमोरचा मासा पडद्यावर दिसू लागला. 2025 पासून मोठ्या स्पर्धांनी त्याच्या वापरावर मर्यादा आणल्या, आणि ते योग्यच झालं. या कलेत सर्वांत कठीण आणि सर्वांत रंजक काम आहे न दिसणारा तळ ओळखण्याचं: काठीच्या कंपातून, धरणाच्या विसर्गातून, उन्हाच्या कलावरून. ते यंत्रावर सोपवलं तर उरते ती नुसती फेक. नवख्याने म्हणूनच पेटीभर आमिषं घेऊ नयेत. गांडुळांचं एक पाकीट, थोडे गळ आणि वजनं घ्यावीत, आणि एकच जलाशय उन्हाळाभर वाचावा.