शिक्षकाचा उच्च अभ्यास आणि शैक्षणिक तंत्रविद्या



नोकरी सांभाळून पुढील पदवीचा अभ्यास करणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांपैकी काहींचा कल शैक्षणिक तंत्रविद्येकडे असतो. परंतु हा विषय म्हणजे काय, तो कोठे शिकावा आणि त्या पदवीचा चौथीच्या मुलास लाभ कोणता, या तीन प्रश्नांचा विचार नाव नोंदविण्यापूर्वीच करणे इष्ट आहे.

तंत्र म्हणजे यंत्र नव्हे

या विषयात केवळ उपकरणे हाताळावयास शिकवितात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मुलास काय येत नाही हे शोधणे, पाठाचे उद्दिष्ट ठरविणे, त्यास अनुरूप साधन निवडणे आणि शिकविल्यानंतर फरक पडला की नाही हे तपासणे, हा या विद्येचा गाभा होय. साधनाचा क्रम तिसरा लागतो, हे लक्षात ठेवावे.

१९५३ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा पाठ पाहावयास गेले. सर्व मुलांना एकाच गतीने जावे लागत होते आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना तत्काळ कळत नव्हते. यावर उपाय म्हणून त्यांनी अध्यापनयंत्र तयार केले. ते यंत्र आज वापरात नाही. परंतु लहान पायऱ्या, ज्याची त्याची गती आणि उत्तराचा तात्काळ निर्णय ही तत्त्वे टिकून आहेत. ती पुठ्ठ्याच्या प्रश्नपत्त्यांनीही साधतात. एका बाजूस उदाहरण व मागील बाजूस उत्तर लिहिले, की काम झाले.

आपल्या शेजारचे व आपल्याकडील प्रयोग

१९७५-७६ साली उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे पाठ सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत पोहोचविण्यात आले. आपल्या सीमेलगतचे विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे त्यांत होते. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था स्थापन झाली. ती २०१७ साली बंद करण्यात आली. दूरचित्रवाणीचा संच एकतर्फी बोलतो. मुलाने विचारलेला प्रश्न त्यास ऐकू येत नाही. म्हणून पाठापूर्वीची तयारी व पाठानंतरची चर्चा शिक्षकानेच करावयाची असते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. तेथील अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती व पुस्तके त्या भाषेत नव्हती. श्री. डिसले प्रथम कन्नड शिकले. मग त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतचिन्हे जोडून कविता, गोष्टी व पाठ मुलींना ऐकावयास व पाहावयास उपलब्ध करून दिले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशी संकेतचिन्हे आली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. अक्कलकोट वा दक्षिण सोलापूर तालुक्यात कन्नडभाषक मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाने या घटनेतील क्रम ध्यानी घ्यावा: आधी मुलाची अडचण, मग भाषा, मग साधन.

क्यूआर संकेतचिन्ह जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाले. पुस्तकातील अशा चिन्हात पाठ साठविलेला नसून पाठाचा पत्ता असतो. म्हणून जाळे नसलेल्या वस्तीवर ते चिन्ह मुके राहते. अशा ठिकाणी पाठ आधीच भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यावा.

अभ्यासाच्या सोयी

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली; नोकरीत राहून शिक्षणशास्त्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांस ते सोयीचे आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयात पीएच. डी.पर्यंतचे संशोधन होते. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या योजनेतील पाठ घरबसल्या घेता येतात. प्रवेश घेण्यापूर्वी पदवीची मान्यता पाहावी व कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी.

प्रबंधाचा विषय वर्गातून घ्यावा

पदवीसाठी प्रबंध वा प्रकल्प लिहावा लागतो. त्याचा विषय दूरचा घेतल्यास प्रबंध कपाटात राहतो व वर्ग होता तेथेच राहतो. समजा, दुसरीतील कन्नडभाषक मुलांना मराठी सूचना समजत नाहीत. प्रथम वीस सूचना निवडून प्रत्येक मुलास किती कळतात, याची नोंद करावी. नंतर त्या सूचना दोन्ही भाषांत गावातील एखाद्या आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून सहा आठवडे ऐकवाव्या. शेवटी तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तुलनेसाठी, ध्वनिमुद्रण न वापरता शिकविलेल्या दुसऱ्या वीस सूचनाही आरंभी व शेवटी तपासाव्या. अन्यथा काळाबरोबर आपोआप झालेली प्रगती साधनाच्या नावे जमा होते. फरक न पडल्यास तेही प्रामाणिकपणे लिहावे. काय उपयोगी पडत नाही, हे कळल्याने पुढील शिक्षकाचे वर्ष वाचते.

हा अभ्यास शिक्षकाच्या वेळेचा, पैशाचा व कुटुंबाच्या सोशिकतेचा खर्च मागतो. त्या खर्चात वर्गातील मुलाचा वेळ मात्र धरू नये. शाळेच्या वेळेत स्वतःचे स्वाध्याय लिहू नयेत व परीक्षेच्या दिवसांत वर्ग वाऱ्यावर सोडू नये. ज्या मुलांच्या नोंदींवर आपला प्रबंध उभा राहतो, त्यांच्या पालकांस तो पूर्ण झाल्यावर शाळेत बोलावून निष्कर्ष सोप्या भाषेत सांगावा. त्यांच्या मुलाला काय आले आणि काय अद्याप यावयाचे आहे, हे जाणण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.