श्रवणाची कसोटी आणि ‘श्रुती’ची भाषांतरे : पट्टीश्वरम् ते आंतरजाल

१.
गायक-वादकांनी आपला कान आंतरजालावर तपासून पाहणे ही एकविसाव्या शतकातील रूढ गोष्ट झाली आहे. या कसोट्या स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात दोन ध्वनी ऐकवून त्यांतील उंच कोणता हे विचारतात आणि उत्तर बरोबर येत जाईल तसे दोहोंतील अंतर कमी करत नेतात. दुसऱ्या प्रकारात ऐकवलेला स्वर किंवा संगणकाने टिपलेला गळा ‘सुरात’ आहे की नाही हे ठरवले जाते. तिसऱ्या प्रकारात आधारस्वर न देता केवळ ऐकून स्वराचे नाव सांगावयाचे असते. तिन्ही प्रकारांत निकाल आकड्यांत मिळतो, आणि त्यामुळे तो निरपेक्ष असल्याचा समज होतो. परंतु कसोटी कोणतीही असली तरी तिच्यामागे ‘बरोबर स्वर’ म्हणजे काय याची एक कल्पना गृहीत असते. ही कल्पना एका संगीतपरंपरेतून दुसरीत, एका भाषेतून दुसरीत जाताना बदलते. या अर्थाने श्रवणाची प्रत्येक कसोटी हे एक भाषांतरही असते. कावेरीच्या खोऱ्यातील स्वरविचाराचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

२.
कुंभकोणम् शहराजवळील पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराचे मंदिर आहे. या मंदिरात गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नी नागांबा यांच्या मूर्ती आहेत. गोविंद दीक्षित हे तंजावरच्या नायक राजांचे मंत्री. अच्युतप्प आणि रघुनाथ यांच्या कारकिर्दींशी त्यांचे नाव प्रामुख्याने जोडलेले आहे. रघुनाथ नायकाच्या नावावर असलेला ‘संगीतसुधा’ हा संस्कृत ग्रंथ त्यांचाच मानला जातो. त्यांचे पुत्र व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ लिहिली. कन्नड मूळ असलेले हे कुटुंब, तेलुगूला आश्रय देणारा दरबार, तमिळ भूमी आणि संस्कृत ग्रंथ अशी ही बहुभाषिक परिस्थिती होती. पुढे १६७५-७६च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतल्यावर तीत मराठीची भर पडली.

या पितापुत्रांच्या ग्रंथांत वीणेच्या मेळांचा, म्हणजे पडदे व तारा लावण्याच्या पद्धतींचा, तपशीलवार विचार आहे. ‘एकरागमेल’ वीणेत रागानुसार पडदे सरकवावे लागत, तर ‘सर्वरागमेल’ वीणेत सर्व रागांसाठी पडदे कायम असत. आज प्रचलित असलेल्या चोवीस पडद्यांच्या वीणेचे श्रेय परंपरा रघुनाथाच्या काळाला देते. एकदा पडदे स्थिर झाले की स्वर मोजता येतात, आणि मोजता आले की त्यांची गणिती मांडणीही करता येते. व्यंकटमखींचे बहात्तर मेळ या स्थिरतेवरच उभे आहेत. साक्षात शंकरालाही यांत एकाची भर घालता येणार नाही वा एक कमी करता येणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. तथापि प्रत्यक्ष प्रचारात असलेले म्हणून त्यांनी एकोणीसच मेळ वर्णिले. शक्य स्वररचना आणि ऐकू येणारी स्वररचना यांतील हे अंतर त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. तंजावरचे मराठा राजे तुळजाजी (राज्यकाल १७२८–१७३६) यांनीही ‘संगीतसारामृत’ या संस्कृत ग्रंथात प्रचारातील मेळांनाच महत्त्व दिले.

३.
याहून कितीतरी जुनी कसोटी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त आहे. सारख्या लावलेल्या दोन वीणा घ्यावयाच्या. एक ध्रुव, दुसरी चल. चल वीणा चार टप्प्यांनी उतरवीत जावयाची. दुसऱ्या टप्प्यास तिचे गांधार व निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतात मिळतात, तिसऱ्यास ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमात, आणि चौथ्यास षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरांत मिळतात. दोन स्वरांच्या दोन-दोन, दोहोंच्या तीन-तीन व तिहींच्या चार-चार मिळून बावीस श्रुती होतात. यातील पहिला टप्पा विशेष लक्षणीय आहे. तेथे कोणताच स्वर दुसऱ्यात मिळत नाही; पंचम किती उतरला हे केवळ कानाने ठरवावयाचे असते. म्हणजे भरताच्या प्रयोगात कान हा परीक्षार्थी नाही, तो मापनाचे साधन आहे. आंतरजालावरील कसोटीत हे नाते उलटते : साधन यंत्र होते आणि कान परीक्षेस बसतो.

पडद्यांची वीणा या दोहोंच्या मधली अवस्था दाखविते. कानाचा निर्णय तेथे वस्तूत गोठविला जातो. परंतु तोही पूर्णपणे नव्हे. सरस्वती वीणेचे पडदे मेणात बसविलेले असतात. ते बसविणारा कारागीर कानावरच विसंबतो, आणि वादक तार बाजूस ओढून गमक काढतो तेव्हा पडद्याने ठरविलेली जागा तो ओलांडतोच. कर्नाटक तोडीचा गांधार एका बिंदूवर थांबतच नाही. शेजारच्या स्वरांकडे झुकणाऱ्या आंदोलनातच त्याचे रूप असते. एकेक स्थिर ध्वनी ऐकवणाऱ्या कसोटीला हा गांधार विचारताच येत नाही.

४.
विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाने तंजावर आणि महाराष्ट्र यांना समोरासमोर आणले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी १९१३च्या आपल्या ग्रंथात हेच मत पुढे नेले, आणि त्यातून श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. याउलट तंजावरचे अब्राहम पंडितर यांनी जुन्या तमिळ ग्रंथांच्या आधारे सप्तकाचे चोवीस समान भाग मांडले. त्यांचा ‘करुणामृत सागरम्’ हा ग्रंथ १९१७चा. १९१६च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ही मते पुढे आली, पंडितरांच्या कन्यांनी वीणेवर प्रात्यक्षिकही दिले, पण एकमत झाले नाही. परिषदेमागे असलेले विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४च्या दक्षिण यात्रेत व्यंकटमखींच्या मेळपद्धतीचा अभ्यास केला होता. गोविंद दीक्षितांच्या घरातला विचार त्यांच्या द्वारे थाटपद्धतीच्या रूपाने मराठी संगीतलेखनात आला. मात्र श्रुतींच्या सूक्ष्म गणितावर रागव्यवस्था उभारणे त्यांना मान्य नव्हते.

वाद बावीस की चोवीस एवढाच नव्हता. एक बाजू गुणोत्तरांना प्रमाण मानत होती, दुसरी समान विभागणीला. आज हाच भेद आंतरजालावरील कसोटीत अदृश्य रूपाने वावरतो. सप्तकाचे १२०० सेंट मानण्याची पद्धत अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली विविध राष्ट्रांच्या स्वरसप्तकांची तुलना करताना वापरली. या मापाने समविभाजित सप्तकातील शुद्ध (कर्नाटक परिभाषेत अंतर) गांधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. तंबोऱ्याशी मिळालेला गळा समविभाजित मापाने तपासला तर तो १४ सेंट ‘उतरलेला’ ठरेल. पंचमात हाच फरक केवळ दोन सेंटचा आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी आंतरजालावर दोन हजारांहून अधिक व्यक्तींची स्वर ओळखण्याची चाचणी घेतली व निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. अशा स्वरज्ञानी व्यक्तींकडून ‘जी शार्प’ हा स्वर अनेकदा ‘ए’ म्हणून ओळखला जात होता. आणि ‘ए’ हा पाश्चात्य वाद्यवृंदाचा जुळवणीचा स्वर आहे. ज्याला निसर्गदत्त मानले जाते तो कानही परंपरेच्या आधारस्वराकडे ओढला जातो, असे यावरून दिसते.

५.
येथे शब्दांचा प्रश्न निर्णायक ठरतो. मराठीत ‘श्रुती’ म्हणजे सप्तकाचा सूक्ष्म भाग. तमिळ संगीतव्यवहारात ‘श्रुती’ म्हणजे प्रामुख्याने आधारस्वर. ‘श्रुतिशुद्ध’ गायन म्हणजे त्या आधाराशी एकनिष्ठ गायन, आणि दोषास ‘अपस्वर’ म्हणतात. मराठीने दोषाचीही प्रतवारी केली आहे : ‘बेसूर’ हा सर्वांना कळतो, ‘कणसूर’ कळण्यासाठी ‘कानसेन’ असावा लागतो. ‘तुमची श्रुती तपासा’ ही सूचना मराठी वाचकाला सूक्ष्म भेद ओळखण्याचे आवाहन वाटेल, तर तमिळ गायक आपला तंबोरा जुळवू लागेल. दोघेही शब्दाशी प्रामाणिक राहतील आणि दोघांची परीक्षा वेगळी होईल.

जयराझभॉय व स्टोन यांनी १९६३ साली हिंदुस्तानी गायन-वादनातील स्वरांची मोजणी केली, तेव्हा एकाच स्वराची जागा कलावंतागणिक, किंबहुना एकाच सादरीकरणातही बदलत असल्याचे आढळले. म्हणून दोन ध्वनींतील भेद ओळखण्याची कसोटी श्रवणशक्तीविषयी खरोखर काही सांगते. सुरेलपणा ठरविणारी कसोटी मात्र आपला आधारस्वर व आपली विभागणी उघड करीत नाही तोवर परंपरेविषयीच अधिक सांगते. तिने ‘उतरलेला’ ठरविलेला विद्यार्थी आपला कानच सदोष मानून तंबोऱ्यापासून दूर गेला, तर नुकसान एका व्यक्तीचे नसून परंपरेचेही असेल. पट्टीश्वरम् येथे मूर्तिरूपाने उभ्या असलेल्या मंत्र्याच्या घराण्याने पडदे स्थिर केले, मेळ मोजले, आणि तरीही प्रचारात काय ऐकू येते हा प्रश्न खुला ठेवला. आधी आधारस्वर सांगावा आणि मग कान पारखावा, हा क्रम नव्या कसोट्यांनाही घालून देता येण्यासारखा आहे.