एकचक्रेची गोष्ट आणि दोन अर्जुन

नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की साधारण ५० किलोमीटरवर केळझर लागते. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे हे गाव विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजले जाते. पण गावकरी आणखी एक ओळख सांगतात. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच. लाक्षागृहातून वाचलेले पाच भाऊ आईला घेऊन येथे आले, वेष पालटून एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, भिक्षा मागून जगले आणि गाडाभर अन्न घेऊन गेलेल्या भीमाने येथेच बकासुराला मारले. खानदेशातले एरंडोलही एकचक्रेवर असाच हक्क सांगते. तो वाद जाणकारांनी सोडवावा. केळझरच्या पोराला मात्र भीम आणि अर्जुन हे आपल्या गावचे जुने पाहुणे वाटतात.

या पाहुण्यांना चेहरे मिळाले ते २ ऑक्टोबर १९८८ रोजी. त्या दिवशी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ सुरू झाले आणि २४ जून १९९० पर्यंत त्याचे ९४ भाग झाले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी रविवारी सकाळी सारी गल्ली, असे ते दिवस. १९८९ आणि १९९० या दोन्ही वर्षी रमजान एप्रिलच्या उन्हात आला. पहाटे सहेरी करून रोजा धरलेली मुलेही शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून अर्जुनाचा बाण कुठे लागतो ते पाहत असत. पडद्यावरचा तो अर्जुन म्हणजे फिरोज खान नावाचा तरुण आहे, हे त्यातल्या अनेकांना खूप उशिरा कळले.

सिनेमात लहानसहान कामे करणाऱ्या या तरुणाला अर्जुनाच्या भूमिकेने घरोघरी पोचवले. त्याच नावाचा एक मोठा नट हिंदी सिनेमात आधीपासून होता. त्यामुळे या फिरोजला ‘अर्जुन’ हेच नाव घ्यावे लागले आणि पुढच्या अनेक सिनेमांत तो त्याच नावाने ओळखला गेला. १९९५ च्या ‘करण अर्जुन’मध्ये तो खलनायकांच्या गोटात होता. पण लोकांच्या मनातला गांडीवधारी काही पुसला गेला नाही.

त्याच्या तोंडचे संवाद लिहिणारे होते डॉ. राही मासूम रझा. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे, अलीगढला शिकवलेले, ‘आधा गाव’ या कादंबरीचे लेखक. मुसलमानाने महाभारत का लिहावे, अशी पत्रे तेव्हा चोप्रांकडे आली होती. ती वाचल्यावरच राहीसाहेबांनी हे काम हट्टाने अंगावर घेतले, असे सांगतात. नंतर घराघरांत जे संवाद लोक पाठ म्हणू लागले, ते याच लेखणीतून उतरले होते.

त्या मालिकेत आलेली इतर माणसेही कुठून कुठून आली होती. श्रीकृष्ण झालेले नितीश भारद्वाज मराठी घरातले. शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीपासून त्यांचे नाटकाशी नाते जुळले होते. ‘महाभारत’साठी त्यांची चाचणी आधी झाली ती विदुराच्या भूमिकेसाठी, आणि ती भूमिका दुसऱ्याला गेली. त्यांना स्वतःला अभिमन्यू करायचा होता. मिळाला तो कृष्ण, आणि तोही पंचविशीत.

भीम झालेले प्रवीणकुमार सोबती पंजाबचे. सीमा सुरक्षा दलातले अधिकारी. १९६६ आणि १९७० अशा दोन आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक आणि १९६८ व १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताचा गणवेश, एवढी कमाई त्यांनी गदा हातात घेण्याआधीच केली होती.

दुर्योधन झालेल्या पुनीत इस्सर यांची सुरुवात तर अपघाताने झाली. ‘कुली’ हा त्यांचा पहिलाच सिनेमा. १९८२ मध्ये त्याच्या चित्रीकरणात मारामारीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन यांना जीवघेणी इजा झाली. समोर होते नवखे पुनीत. दोष कुणाचा नव्हता, तरी पुढे कितीतरी दिवस त्यांना काम मिळेना. चोप्रांकडे त्यांना भीम मिळत होता, पण त्यांनी दुर्योधन मागून घेतला. कर्ण झालेले पंकज धीर आधी अर्जुनाच्या भूमिकेसाठी ठरले होते. बृहन्नडेसाठी मिशी काढायला त्यांनी नकार दिला आणि अर्जुन हातचा गेला. उत्तरा झाल्या त्या गोव्याच्या वर्षा उसगावकर, ‘ब्रह्मचारी’ या नाटकाने आधीच मराठी प्रेक्षकांच्या लाडक्या झालेल्या.

या सगळ्यांत जन्माने राजकुमार एकही नव्हता. डॉक्टर, थाळीफेकपटू, हातचे काम गेलेला नट, मराठी रंगभूमीवरची मुलगी, अशी ही मंडळी. भूमिका मिळायच्या आधी प्रत्येकाने कुठेतरी वर्षानुवर्षे घाम गाळला होता. मैदानात असो, नाटकाच्या तालमीत असो, की कुणी पाहत नाही अशा छोट्या कामात.

पंचवीस वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, स्टार प्लसवर नवे ‘महाभारत’ आले. यावेळीही अर्जुन झाला तो एक मुसलमान तरुण. शाहीर शेख मूळचा जम्मूचा, पण कायद्याची पदवी घेतली ती पुण्यात. वकिलीच्या वाटेवरून तो कॅमेऱ्यापुढे आला. २००९ मध्ये मुलांसाठीच्या ‘क्या मस्त है लाइफ’ या मालिकेत त्याने काम केले. मग ‘झाँसी की रानी’त नानासाहेब झाला आणि ‘नव्या’मध्ये नायक. अर्जुनापर्यंत पोचायला चार वर्षे गेली. फरक एवढाच, की यावेळी नाव बदलावे लागले नाही. शाहीर शेख या नावानेच लोकांनी अर्जुन स्वीकारला. या मालिकेत भीम झालेला सौरव गुर्जर हाही खेळाच्याच आखाड्यातून आलेला. पुढे तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत उतरला.

हीच मालिका इंडोनेशियात दाखवली गेली आणि शाहीर तिथे इतका लोकप्रिय झाला, की तिथल्या वाहिन्यांनी त्याला बोलावून काम दिले. जगात सर्वाधिक मुसलमान ज्या देशांत राहतात, त्यांत इंडोनेशिया अगदी वरच्या क्रमांकावर. जावा बेटावर ‘वायांग’ नावाच्या छायाबाहुल्यांच्या खेळात अर्जुन शतकानुशतके रात्र-रात्र नाचतो आहे. तिथे रोजा धरणाऱ्या माणसाला अर्जुन परका नाही, जसा तो वर्धा जिल्ह्यातल्या रोजेदार पोरालाही परका नव्हता.

त्याच २०१३ मध्ये सोनी वाहिनीवर एक मुलगा महाराणा प्रताप झाला. त्याचे नाव फैसल खान. वडील मुंबईत ऑटोरिक्षा चालवत. मुलगा नाचायचा. २०१२ मध्ये ‘डान्स इंडिया डान्स लिटल मास्टर्स’ ही मुलांची नृत्यस्पर्धा त्याने जिंकली आणि पुढच्याच वर्षी चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो मेवाडचा कुंवर झाला. नंतर ‘चंद्रगुप्त मौर्य’ही त्याच्या वाट्याला आला. २०१९ मध्ये साहसदृश्य करताना त्याच्या पायाला मोठी इजा झाली आणि हातातली दुसरी स्पर्धा सोडून त्याला अंथरुणावर पडून राहावे लागले. नाचणाऱ्या मुलाचा पाय म्हणजे त्याचे सारे भांडवल. टीव्हीवर दिसणाऱ्या झगमगाटाची ही दुसरी बाजू.

दुसऱ्या बाजूला आणखीही बरेच काही असते, आणि ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी ते आधीच जाणून घ्यावे. रोजच्या मालिकेत दिवसाची पाळी साधारण १२ तासांची. रात्री हातात आलेला संवाद सकाळी तोंडपाठ हवा. कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी देण्याची या धंद्यात पद्धत आहे. म्हणजे पहिली भूमिका मिळाली तरी पहिले तीन महिने खोलीचे भाडे गाठीच्या पैशातून. ऑडिशनमागून ऑडिशन देताना नकाराची सवय करून घ्यावी लागते. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ऑडिशनसाठी किंवा भूमिकेसाठी जो पैसे मागतो, तो काम देणारा नसतो.

मग केळझर, सेलू, पुलगाव, हिंगणघाटच्या पोरांनी काय करावे? बॅग उचलून थेट मुंबई गाठायची, ही एकच वाट नाही. वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाटक आणि चित्रपटाचे शिक्षण देणारा विभाग आहे. केळझरहून तासाभराच्या आत तिथे पोचता येते. नागपुरात दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते, तिथे हौशी संघात शिरता येते. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. धानकापणीनंतर वडसा परिसरातून निघणाऱ्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर नाटक करतात. हजारो प्रेक्षकांसमोर आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा आणि पहाटेपर्यंत टिकवायचा, हे शिक्षण तिथे मिळते. शिवाय वऱ्हाडी बोलीची आता लाज बाळगायचे कारण उरलेले नाही. भारत गणेशपुरे यांनी ती टीव्हीवर नेली आणि सारा महाराष्ट्र तिच्यावर हसला, पण प्रेमाने. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये नागपूरची राधिका झाल्या त्या नाशिकच्या अनिता दाते. नाशिकच्या मुलीने आपली बोली शिकून कमावली. मग ज्यांना ती आईच्या दुधासोबत मिळाली, त्यांनी मागे का राहावे?

रमजानच्या महिन्यात नियत हा शब्द वारंवार कानी पडतो. मनाचा पक्का इरादा, असा त्याचा साधा अर्थ. भुकेने पोट आत जाते, घसा कोरडा पडतो, तरी सूर्य मावळेपर्यंत माणूस थांबतो, कारण सकाळी त्याने तसे ठरवलेले असते. नाटकाच्या तालमीलाही, मैदानालाही असेच थांबणे लागते. ऑलिम्पिकपासून भीमापर्यंत जायला प्रवीणकुमारांना १६ वर्षे लागली.

२०२० च्या टाळेबंदीत जुने ‘महाभारत’ पुन्हा दूरदर्शनच्या भारती वाहिनीवर आले, दुपारी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला तेव्हा मशिदी बंद होत्या, तरावीहची नमाज लोक घरीच पढत होते. इफ्तारचा खजूर तोंडात टाकून, मगरीबची नमाज आटोपून, घरातली नवी पोरे आजी-आजोबांजवळ येऊन टीव्हीपुढे बसत. अर्जुन धनुष्य उचले. हा कोण म्हणून पोरे विचारत, आणि आजोबा सांगत, ‘हा आपला अर्जुन. याचं खरं नाव फिरोज.’