कवितेच्या जिवावर बावीस वर्षं

कवी हॅरॉल्ड मन्रो यांनी जानेवारी १९१३ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागात ‘पोएट्री बुकशॉप’ उघडलं. कवितेलाच वाहिलेलं दुकान! आठवड्यातून दोनदा तिथे कवितावाचन होई. येट्स यांनीही तिथे आपल्या कविता वाचल्या. वरच्या खोल्या कवींना स्वस्तात मिळत. विल्फ्रेड ओवेन तिथे राहून गेले. उद्घाटनाला आलेल्या, तोवर एकही संग्रह नावावर नसलेल्या रॉबर्ट फ्रॉस्ट यांना तिथेच कवी एफ. एस. फ्लिंट भेटले आणि त्यांच्यामुळे पुढे एझ्रा पाउंड. दुकानाचं खरं मोल अशा गाठीभेटींतच आहे, कारण नफा कधी झालाच नाही; मन्रो पदरचे पैसे घालत राहिले. १९३२ मध्ये ते गेले. पत्नी अलिडा यांनी १९३५ पर्यंत दुकान नेटानं चालवलं.