रोवणीच्या दिवसांतला लॅपटॉप

सकाळी 6. एटापल्लीतल्या माझ्या खोलीवर रात्रभर वीज टिकली, त्यामुळे लॅपटॉप पूर्ण चार्ज आहे. झड लागल्यापासून शाळेचं सौर पॅनेल नावापुरतंच उरलंय. आजची सगळी भिस्त या बॅटरीवर. दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ रात्रीच उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलेत, कारण शाळेच्या गावात रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नाही.

9. नाला घोट्याएवढा वाहतोय. स्कूटी अलीकडे ठेवली, लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरला आणि उतरले.

10.30. परिपाठ. निम्मी मुलं बांधीत, रोवणीला. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. घरचं वर्षभराचं धान त्यावर असतं.

11.15. तिसरीला जोडाक्षरं. पाटीवर आठवडाभर घोटूनही ‘रस्ता’ लिहिताना एक मुलगी ‘रसता’च लिहायची. आज तिला कीबोर्डवर बसवलं. बोटांना चिखल होता, तो तिने फ्रॉकला पुसला. र, मग स, मग पाय मोडायची कळ. स खाली पाय मोडून उभा राहिला. त दाबताच दोघे एकमेकांना चिकटले. तिने ते पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. “मॅडम, पाय मोडला की तो शेजारच्याला धरते!” मग स्वतःहून ‘पुस्तक’, ‘मस्त’, ‘बस्ता’. जोडणी होताना दिसते, चुकली तर कुणी न ओरडता पुसता येते. हे पाटीवर मला जमलं नव्हतं.

1. खिचडी. सकाळचा कीबोर्ड डोक्यातून जात नव्हता, त्यावरून आठवलं: ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ ही निकोलस निग्रोपाँटे यांची कल्पना जगभर गाजली. 2006 मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली, तरी 2007 मध्ये रायगडमधल्या कर्जतजवळच्या एका छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. प्रत्येक मुलाला एक, असा तो हिशेब. आमच्याकडे सगळ्या शाळेत मिळून एकच. मला आणखी हवेतच, पण त्याआधी बॅटरी हवी आणि दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा. 2015 नंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. आमच्या गावानेही पैसे जमवून प्रोजेक्टर घेतला. त्याचा दिवा गेलाय, आणि तो बसवायला चंद्रपूर गाठावं लागतं.

2. पहिलीची मुलं घरी माडिया बोलतात. मराठी कविता लावली की गप्प बसतात. मागच्या महिन्यात गावातल्या एका आजीची वाघाची गोष्ट माडियातच रेकॉर्ड केली होती, ती लावली. वाघ येण्याआधीच पोरं ओरडायला लागली. मग प्रत्येकाने त्यातलं एक चित्र काढलं, मी फोटो घेतले, आणि चित्रांखाली एकेक मराठी वाक्य आम्ही मिळून लिहिलं. आजीही दारात उभी राहून आपलाच आवाज ऐकत होती.

3.45. उरलेली बॅटरी माहितीच्या रकान्यांत. पोषण आहार, हजेरी, कुठल्याशा गटावर तातडीने मागितलेला तक्ता. यंत्र मुलांसाठी आलं आणि दिवसातले त्याचे किती तास वरच्यांची पोटं भरण्यात जातात! याचा मला मनापासून संताप येतो. तक्ता पाठवायला टेकाडावर जावं लागलं, तेवढा वेळ पाचवीचा गणिताचा तास शाळेतल्या दुसऱ्या सरांनी एकट्याने सांभाळला.

रात्री 9. एटापल्ली. उद्याचा पाठ उतरतोय, गती मंद आहे. रोवणीला गेलेल्यांपैकी दोघं उद्या येतील असं त्यांच्या आईने सांगितलंय. कीबोर्डवर आधी त्यांनाच बसवायचं, तक्ते नंतर.