संगणकाची रॅम केव्हां वाढवावी ?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज लहानमोठा एखादा संगणक आहे. तो मंद झाला म्हणजे घरांतील मंडळींच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघतें, 'याची रॅम वाढविली पाहिजे.' पूर्वीं या वाक्यावर फारसा विचार करण्याचें कारण पडत नसे; दुकानांत जावें, पट्टी आणावी, बसवावी, झालें. परंतु सन २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव असे चढले कीं, कांहीं प्रकारांच्या पट्ट्या थोड्याच महिन्यांत दुपटी-तिपटीनें महागल्या. तेव्हांपासून ही खरेदी आज करावी, पुढें ढकलावी, कीं मुळींच करूं नये, असें पालक आम्हांस वारंवार विचारूं लागले आहेत. उत्तर देण्यापूर्वीं आमची स्वतःची फजिती सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

शाळेच्या संगणकवर्गांत वीस यंत्रें आहेत. सन २०२५ च्या मे महिन्यांत आम्हीं त्या विसांसाठीं एकेक ८ जीबीची पट्टी घेण्याचें योजून दरपत्रक मागविलें. दर वाजवी होता. पण बैठकींत असें मत पडलें कीं, संगणकाचें सामान दिवसेंदिवस स्वस्तच होत जातें, तेव्हां दिवाळीपर्यंत थांबावें. मत सर्वांस पटलें. आम्हांस तर विशेषच पटलें. दिवाळी झाली, दुसरें दरपत्रक आलें, आणि त्याच पट्टीचा दर पहिल्याच्या दुपटीहून थोडा अधिक! शिवाय खालीं टीप होती कीं, हा दर केवळ आजच्या दिवसापुरता समजावा. अशा रीतीनें दिवाळीची बचत आम्हीं पदरांत पाडून घेतली.

येथें विद्यार्थ्यांनीं प्रथम रॅम म्हणजे काय तें नीट समजून घ्यावें. स्वयंपाकघरांत एक कोठी असते व एक ओटा असतो. धान्य, डाळी, मसाले सर्व कोठींत. आज जें शिजवावयाचें तेवढेंच ओट्यावर येतें. संगणकाची हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही त्याची कोठी, व रॅम हा त्याचा ओटा. कोठींतील माल वीज गेली तरी जागच्या जागीं राहतो. ओट्यावरचा मात्र वीज जातांच नाहींसा होतो. न साठविलेला निबंध वीज गेल्यावर कां परत मिळत नाहीं, हें आतां ध्यानांत येईल. ओटा अपुरा पडला म्हणजे एक पातेलें कोठींत नेऊन ठेवावें तेव्हां दुसऱ्यास जागा होते, आणि क्षणभरानें पहिल्याचीच गरज लागते. संगणकही असेंच करतो. रॅम भरली कीं तो कांहीं मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो व लागेल तेव्हां परत आणतो. डिस्क ही रॅमहून कित्येक पटींनीं मंद असल्यामुळें सारा वेळ या ने-आणींत जातो, आणि आपण पडद्यावरील फिरतें वर्तुळ पाहत बसतों. रॅम वाढविल्यानें बरा होणारा मंदपणा मुख्यतः हाच. ओटा अर्धा रिकामा असतां तो रुंद केल्यानें भात लवकर शिजत नाहीं.

या रॅमची अंतर्रचना मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड यांस १९६६ सालीं ती सुचली व १९६८ सालीं तिचें पेटंट मिळालें. प्रत्येक बिटासाठीं एक ट्रान्झिस्टर व एक कॅपॅसिटर, एवढाच संसार. कॅपॅसिटर म्हणजे विजेची सूक्ष्म घागर. ती भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य. मात्र ही घागर गळकी! म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत, म्हणजे सेकंदांत सुमारें पंधरा वेळां, प्रत्येक घागर तपासून पुन्हां भरावी लागते. इंटेल कंपनीनें १९७० सालीं विक्रीस आणलेल्या चिपमध्यें अशा १,०२४ घागरी होत्या. आजच्या ८ जीबीच्या एका पट्टींत त्या सुमारें ६,८७० कोटि असतात. ज्यांस शंका असेल त्यांनीं १,०२४ या संख्येचा घन करून त्यास ८ नें दोनदां गुणून पाहावें.

इतकी सूक्ष्म वस्तु घडविणारे कारखाने जगांत मोजके आहेत. दक्षिण कोरियांतील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेंतील मायक्रॉन, या तीन कंपन्यांच्या हातीं या धंद्याचा बहुतांश भाग आहे. तिघांपैकीं एकाच्या घरीं कांहीं घडलें कीं त्याचा धक्का आपल्या गल्लींतील दुकानापर्यंत येतो. जपानांतील निइहामा येथें १९९३ च्या जुलैमध्यें चिपवरील आवरणाची राळ बनविणाऱ्या एका कारखान्यांत स्फोट झाला, आणि रॅमचे भाव भडकले. १९९९ च्या सप्टेंबरांत तैवानांत भूकंप झाला तेव्हां तीच गत. २०१३ च्या सप्टेंबरांत चीनमधील वूशी येथें एसके हायनिक्सच्या कारखान्यास आग लागली, पुन्हां तेंच. उलट २०१९ व २०२३ या सालीं माल इतका झाला कीं, भाव कोसळून कारखानदारच संकटांत सापडले.

या खेपेस मात्र आग नव्हती, भूकंपही नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नांवानें जगभर जीं प्रचंड डेटा सेंटरें उभीं राहत आहेत, त्यांस एका विशेष प्रकारची स्मृति लागते. तींत चिपचे थर एकावर एक रचलेले असतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमशीं तुलना करतां या स्मृतीस सिलिकॉनच्या चकत्या सुमारें तिप्पट लागतात, असें मायक्रॉननेंच सांगितलें आहे. नफा तिकडे अधिक, म्हणून चकत्याही तिकडे वळल्या. त्यांतच डीडीआर४ ही जुन्या पिढीची रॅम बनविणें कंपन्या कमी करूं लागल्या होत्या, म्हणून स्वस्त समजली जाणारी तीही महागली. डिसेंबर २०२५ मध्यें तर मायक्रॉननें क्रुशियल या नांवानें सामान्य ग्राहकांस चालणारी आपली विक्रीच बंद करण्याचें जाहीर केलें. गुजरातेंत साणंद येथें मायक्रॉनचा कारखाना होणार हें २०२३ सालीं जाहीर झालें होतें. तेव्हां आतां रॅम स्वस्त होईल असें एका पालकांनीं आम्हांस मोठ्या आशेनें सांगितलें. परंतु तो कारखाना चिपची जुळणी व तपासणी करण्यासाठीं योजिलेला आहे. चकत्या घडविण्याचा नव्हे. चकत्या घडविणारा नवा कारखाना उभा राहून माल देऊं लागण्यास वर्षें लागतात.

तेव्हां भाव उतरणार नाहींत काय? आजवर चढलेले भाव पुढें उतरत आले आहेत खरे. पण तें केव्हां, हें आम्हांस ठाऊक असतें तर दिवाळीची फजिती झालीच नसती. दुकानदार 'उद्यां आणखी चढेल' म्हणतो, शेजारी 'थांबा, पडेल' म्हणतो. दोघांच्याही बोलण्यांत आपल्या संगणकाविषयीं एक अक्षर नसतें. निर्णय भावावरून न करितां गरज मोजून करावा, या मतास आम्ही येऊन पोंचलों तें असें.

दुसऱ्या दरपत्रकानें आमचे डोळे पांढरे झाले, आणि मग आम्हीं जें मे महिन्यांतच करावयास हवें होतें तें केलें. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. नववीच्या विद्यार्थ्यांनीं आठवडाभर प्रत्येक यंत्रावर नेहमीचें काम चालू असतां टास्क मॅनेजर उघडून त्यांत 'मेमरी' या सदराखालीं किती जागा वापरांत आहे, किती शिल्लक आहे, पट्टीच्या किती खांचा भरल्या आहेत, हें टिपून ठेवलें. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं विंडोजमध्यें हें पान उघडतें. दमडी खर्च होत नाहीं. आंकडा पाहावयाचा तो यंत्र रिकामें असतां नव्हे, तर दिवसांतील सर्वांत जड काम चालू असतां. आमचा ठोकताळा असा कीं, अशा वेळींही पांचांतील एक हिस्सा रॅम मोकळी राहत असेल, तर रॅमचा दोष नाहीं.

तक्ता भरला तेव्हां आम्ही थक्क झालों. वीस यंत्रांपैकीं बारांत पूर्वींपासून ८ जीबी रॅम होती, आणि वर्गांतील कामांस तींतील ६ हून अधिक कधींच लागली नव्हती. त्यांतील दोन यंत्रें तरीही रडत होतीं. पण त्यांची रॅम अर्धी मोकळी, आणि खरें दुखणें जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचें होतें. त्यांस लहानशी एसएसडी हवी होती. (एसएसडीही महागली आहे; त्याच कंपन्या तीही बनवितात.) उरलेलीं आठ यंत्रें ४ जीबीचीं. त्यांतील तीन इतकीं जुनीं कीं, त्यांत डीडीआर३ ही आणखी मागची रॅम आहे. प्रत्येक पिढीच्या पट्टीची खांच निराळ्या जागीं असते, म्हणून एकीची पट्टी दुसरीच्या यंत्रांत बसत नाहीं. मे महिन्यांतील आमच्या दरपत्रकांत मात्र विसांसाठीं एकाच जातीची पट्टी लिहिली होती! ती या तिघांत गेलीच नसती. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आणि ११ हीं यंत्रें पेलूं शकत नाहींत. त्यांवर पैसा न घालतां लिनक्सची एक हलकी आवृत्ति चढविली. मराठी टंकलेखनाच्या सरावास तीं पुरतात.

राहिलीं पांच. तीं खरोखर गुदमरत होतीं, कारण वर्ग सुरू होतांच रॅम काठोकाठ भरे. तेथें थांबण्याची किंमत काय, याचाही हिशोब विद्यार्थ्यांनींच केला. आठवड्यास दोन तासिका, प्रत्येक ४० मिनिटांची. तींतील ७ मिनिटें वाट पाहण्यांत जात. वर्षाचे ३५ आठवडे धरले तर ४९० मिनिटें, म्हणजे बारांहून अधिक तासिका त्या पांच यंत्रांवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बुडत होत्या. भाव पडण्याची वाट आणखी वर्षभर पाहिली असती तर पट्टीमागें कदाचित् कांहीं रुपये वांचले असते. त्या तासिका कोणी परत दिल्या नसत्या. म्हणून त्या पांचांसाठीं चढ्या भावानेंच पट्ट्या घेतल्या. पांच पट्ट्यांचें बिल मे महिन्यांतील वीस पट्ट्यांच्या अंदाजाच्या निम्म्याहून थोडें अधिक झालें. त्याच पांच मे महिन्यांत घेतल्या असत्या तर तेंही अर्ध्याहून कमी झालें असतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

घरच्या संगणकाविषयींही आमचा सल्ला याच वळणाचा आहे. आधीं फुकटचे उपाय करावे: ब्राउझरमध्यें उघडीं ठेवलेलीं पानें मिटावीं, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करावे. त्यानंतरही रॅम भरतच असेल व काम अडत असेल, तर लागेल तेवढीच घ्यावी; पुढें महागेल या भयानें दुप्पट घेऊं नये. काम अडत नसेल तर भाव चढो वा पडो, तिकडे पाहूंच नये. लॅपटॉप असेल तर प्रथम त्याची रॅम वाढवितां येते कीं नाहीं हें विचारावें, कारण पुष्कळ नव्या लॅपटॉपांत ती मदरबोर्डावर कायमची जडविलेली असते. असा लॅपटॉप नवा घेणाऱ्यानें मात्र हात आखडूं नये. शाळेच्या अभ्यासास ८ जीबी पुरते. पण मूल पुढें चित्रफिती जुळविणार किंवा मोठे प्रोग्रॅम लिहिणार असेल व यंत्र चार-पांच वर्षें वापरावयाचें असेल, तर आरंभींच १६ घ्यावी. तेथें मागाहून सुधारण्याची सोय नाहीं. महागाईच्या काळांत जुन्या पट्ट्या नव्या म्हणून खपविल्या जाण्याचें भय असतें, म्हणून पावती घेतल्याशिवाय पैसे देऊं नयेत, आणि पट्टी बसविल्यावर रॅम तपासणारा एखादा प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहावा.

आमच्या पांच पट्ट्या एका शनिवारीं नववीच्या मुलामुलींनींच बसविल्या. प्रथम विजेची पिन काढली, मग अंगांतील स्थितिक वीज उतरावी म्हणून प्रत्येकानें यंत्राच्या लोखंडी पेटीस हात लावला. चार यंत्रें मुकाट्यानें सुरू झालीं. पांचव्यानें मात्र तीन शिट्या वाजविल्या व पडदा काळाच ठेवला. पट्टी परत काढून पाहतां तिचें एक टोक अर्धवट बसलें होतें असें दिसलें. दोन्ही टोकांवर अंगठ्यांनीं सारखा दाब देतांच खिट्टी टक् करून मिटली, आणि पडद्यावर १२ जीबी हा आंकडा उमटला. भिंतीवरचा तक्ता आम्हीं काढलेला नाहीं. जून महिन्यांत नवे वर्ग भरले कीं तो पुन्हां भरावयाचा आहे, आणि दरपत्रक त्यानंतरच मागवावयाचें आहे.